तीन ठोकळे आणि एक देवजी

आपल्याकडे वजनावर नोकऱ्या लागतात, यात काही नवीन नाही. फक्त ते वजन मामाचं असतं, मेव्हण्याचं असतं, फार तर एखाद्या नगरसेवकाचं असतं. शिरवणे गावच्या देवजीला नोकरी लागली ती त्याच्या स्वतःच्या वजनावर. एकशे दोन किलो. तेही उपाशीपोटी.

तेव्हा आमच्या नेरुळात सगळंच नवीन होतं. इमारती नव्या, रस्ते नवे, आणि झाडं तर इतकी नवी की त्यांच्या सावलीत उभं राहायचं तर एका पायावर राहावं लागे. खाडीच्या बाजूला पूर्वी मिठागरं होती. तिथं भराव पडला आणि कुणा शेठनं 'मौजनगरी' नावाची करमणुकीची बाग काढली. पाळणे, घसरगुंड्या, आणि मधोमध एक रोलर कोस्टर, परदेशात वापरून झालेला, जुना. पहिली दोन वर्षं लोक बसले, किंचाळले, खाली उतरून भेळ खाऊन घरी गेले. तिसऱ्या वर्षी लोक किंचाळेनात. काही जण तर म्हणे वरून नातेवाइकांना हात करायला लागले. शेठ हबकला. पंचाण्णवच्या दिवाळीत त्यानं डबे उचलले आणि तोंडं फिरवून परत रुळांवर ठेवले. गाडी तीच, रूळ तेच, पण आता माणूस पाठमोरा चढणार आणि पाठमोराच कोसळणार. फाटकावर पाटी लागली : 'उलटी गाडी! हिंमत असेल तर बसा!' पहिल्या रविवारी निम्म्या लोकांनी पाटीतल्या पहिल्या शब्दाचा मान राखला.

आता या गाडीची एक खोड होती. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी ती तीनदा फिरवून पाहावी लागे, आणि रिकामी फिरवली तर दुसऱ्या चढावर तिचा दम तुटे. मधल्या खोलगटात जाऊन बसे, बैल बसतो तशी. तिला डब्यांत वजन लागायचं. आधी वाळूची पोती ठेवली, तर पोती फाटून वाळू चाकांत गेली. म्हणून मॅनेजर जयप्रकाश यांनी, जे बागेचे इंजिनियरही होते, ठरवलं की नव्वद किलोंच्या वरची चार माणसं नेमायची. चार कोपऱ्यांत चार. रोज सकाळी तीन फेऱ्या, आणि मग दिवसभर झाडलोट.

त्यातले तिघे पंधरा दिवसांत पळाले. एक जण तर तिसऱ्या फेरीनंतर जो चालत निघाला तो चप्पल घ्यायलाही आला नाही. त्यांच्या जागी जयप्रकाशांनी सिमेंटचे ठोकळे ओतून घेतले, नव्वद-नव्वद किलोंचे, डब्याच्या रंगाचे. मग चौथाही ठोकळाच का नाही?

"ठोकळ्याला कान नसतात," जयप्रकाश म्हणत. "कुठलं चाक खडखडतंय ते कोण सांगणार?"

अशी ती गाडी रोज सकाळी फिरू लागली. तीन ठोकळे आणि एक देवजी.

देवजी आमच्या ओळखीचा झाला तो सुंदराबाईमुळे. ती त्याची बायको. आमच्या सोसायटीत मासळी घेऊन यायची आणि जिन्यात बसून पाच मजल्यांना एका आवाजात कोलंबीचा भाव सांगायची. देवजी पाटी उचलू लागायला मागे असे. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा, काळाकभिन्न, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच पोट. हसला की ते पोट आधी हसायचं आणि तोंड मागाहून सामील व्हायचं.

त्याचा बाप मिठागरावरचा मापाडी. पुढे काही वर्षं देवजीही. मीठ विकलं जायचं ते मापाड्याच्या तोंडावर. माप भरायचं, ओतायचं आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. शेठचा माणूस बांधावर बिडी ओढत बसलेला असो की झोपलेला असो, मापाडी म्हणाला चारशे तर चारशे. आणि पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. मिठागरं गेली, मापं गेली, पण देवजीच्या तोंडून 'एक' हा आकडा काही मी कधी ऐकला नाही. सुंदराबाई पापलेट देताना एक म्हणाली तरी हा मागून पुटपुटायचा, "लाभ."

"माझ्या बापानं चालीस वर्सं माप घातला, दादा," तो मला सांगायचा. "शिरवन्यात कुनालाबी इचारा. मानूस म्हनून कसा व्हता त्ये नका इचारू. दारू प्यायचा, आईला मारायचा. पन मापात? ना!"

मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत कारकून. आमच्याकडे सगळ्या बागांच्या, पाळण्यांच्या परवान्यांचे कागद येतात, त्यामुळे जयप्रकाश माझ्या टेबलाशी येऊन बसत. नोकरी लागली तेव्हा देवजी नेमणुकीचा कागद वाचून घ्यायला माझ्याकडे आला. कागदावर हुद्दा लिहिला होता 'चाचणी सहायक (तात्पुरता)'.

"तात्पुरता म्हंजी?"

मी त्याला नियम समजावला. एका वर्षात दोनशे चाळीस दिवस कामाचे भरले, की कायम व्हायला हक्क सांगता येतो. कचेरीतल्या माणसाला दुसऱ्याला नियम समजावताना जो आनंद होतो तो मलाही झाला. मी त्याला चहा दिला आणि वर म्हणालो, "खाडा करू नकोस म्हणजे झालं."

देवजीनं बोटांवर मोजून पाहिलं. "दोनशे चालीस मापं," तो म्हणाला. "व्हईल."

पंधरा नोव्हेंबरला 'लाभ' झाला.

त्यानंतर तो जिन्यात भेटला की मी विचारायचो, "किती?" आणि तो सांगायचा, "बावीस." "एकेचालीस." पुतण्याच्या हळदीचं मटण, बाजा, सगळं करून हा गडी सकाळी साडेसातला डब्यात हजर. "पुतन्याची हलद सगली परत आली, दादा," तो म्हणाला, "पन माप चुकला नाय. अठ्ठ्याहत्तर."

एकदा मीही त्याच्याबरोबर बसलो. रविवारी, तिकीट काढून; तो झाडू ठेवून माझ्या सोबतीला आला. वैशाली, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, खालीच थांबल्या; त्या सुज्ञ आहेत. दांडा मांडीवर आला, साखळी खालून कडकड करू लागली आणि आम्ही पाठीच्या बाजूनं वर ओढले जाऊ लागलो. समोर जमीन हळूहळू लांब जायला लागली. आधी तिकीटखिडकी, मग गाड्या लावायचं मैदान, मग खाडीचं करडं पाणी.

"त्यो पिवला डबा दिसतो, आइसक्रीमचा?" देवजीनं बोट दाखवलं. "त्याच्याखाली आमची रास लागायची."

मला काहीतरी मोठं सुचलं. मी म्हणालो, "म्हणजे रोज तू गेलेल्या दिवसांकडे पाहत वर जातोस."

"कसलं पायतो? डोले मिटलेले असतात."

आणि तेवढ्यात साखळी सुटली. सरळ गाडीत खड्डा समोर दिसतो. माणूस दात आवळतो, देवाचं नाव घेतो, निदान बायकोचं तरी. उलट्या गाडीत कळत काहीच नाही. आपण निवांत आकाश पाहत असतो आणि पाठीखालची दुनिया कुणीतरी काढून घेतं. पोट वर राहतं, आपण खाली. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. देवजी मात्र मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसा.

"मागला डावा चाक," खाली आल्यावर तो जयप्रकाशांना म्हणाला. "गिरीस मागतंय."

मी तोवर कठड्याशी वाकलो होतो. पाटीचा मान मीही राखला.

सगळं ठीक चाललं होतं, पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. रोज सकाळी तीन वेळा पाठमोरं कोसळणाऱ्या माणसाच्या पोटात अन्न राहत नाही. देवजीनं सकाळची भाकरी सोडली. मग रात्रीची अर्धी केली, कारण तीही सकाळपर्यंत धीर धरत नसे. फेब्रुवारीत त्याचं वजन पंचाण्णव झालं. एप्रिलमध्ये एक्क्याण्णव. मौजनगरीत महिन्याच्या एक तारखेला गोदामातल्या काट्यावर त्याला उभं करत. नव्वदच्या खाली गेला तर चौथ्या कोपऱ्याला ठोकळा, हे जयप्रकाशांनी आधीच सांगून ठेवलेलं. त्यात मेच्या एक तारखेला ते म्हणाले, "देवजी, शर्ट ढिला दिसतोय. आता मी मधेच केव्हाही काट्यावर चढवीन हं."

मेअखेरीस देवजी गुपचूप सोसायटीच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढला. शहाऐंशी. मोजून झालेली मापं : एकशे अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई वैशालीकडे आली. पाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वयनी, सायबांची जुनी प्यांट हाय का? जाडी. कचेरीची."

"कशाला गं?"

"पायच पायजेत. वरचा ठेवा तुमाला."

माझ्या राखाडी पँटचे दोन्ही पाय कापले गेले. वैशालीनं मशीनवर टाके घातले, आणि मधे मधे शिवून लांब पट्टा तयार झाला, काडतुसांच्या पट्ट्यासारखा. त्यात मीठ भरलं. उरणला सुंदराबाईचा भाऊ किसन अजून मिठागरावर होता, त्याच्याकडून आणलेलं जाडं, करडं खडे मीठ. सहा किलो. देवजीनं ते शर्टाच्या आत कमरेला बांधलं आणि आमच्या बैठकीच्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

मी विचारलं, "मीठच का? दगड बांध. लोखंड बांध."

"दगुड टोचतो. लोखंड वाजतो. वालू चाकात जाते," देवजी म्हणाला. त्यानं या गोष्टीचा माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता. मग पट्ट्यावर हात फिरवत हळूच म्हणाला, "आनि मीठ आपला हाय, दादा. दगा नाय देनार."

मग तो बसला. पोट हसलं नाही, तोंडही नाही.

"ह्ये मापात खोटा झाला," तो म्हणाला.

सुंदराबाई कडाडली. "कसला खोटा? तूच गेलास ना झिजून त्यांच्या गाडीत? जेवढा त्यांनी खाल्ला तेवढा भरून देतोस. बेचालीस मापं राहिली आनि ह्यो गांधीबाबा व्हतोय!"

तिचा हिशेब चोख होता आणि माझ्या पँटचे पाय आधीच कापले गेले होते. मीही मान डोलावली.

जून गेला. जयप्रकाशांनी दोनदा अचानक काट्यावर चढवलं, दोनदा काटा नव्वदच्या पुढे थांबला. जुलै लागला तेव्हा देवजी चौऱ्याऐंशीचा झाला होता आणि पट्टा आठ किलोंचा.

मिठागरावर जन्म काढलेल्या माणसाला मीठ कळत नाही असं कसं म्हणणार? त्याला सगळं कळत होतं. कुठल्या वाऱ्यात खडा धरतो, कुठल्या चंद्राला पाणी घ्यायचं. फक्त त्याच्या सगळ्या आयुष्यात मीठ आणि जुलै यांची गाठ कधी पडली नव्हती. जूनच्या आधी राशी गवतानं शाकारायच्या आणि घरी यायचं, ते दिवाळीपर्यंत मिठाकडे बघायचं नाही, ही त्यांची रीत. पावसाळ्यात मीठ अंगावर घालून कुणी हिंडलेलंच नव्हतं, तेव्हा ते काय करतं हे कोण सांगणार? सुंदराबाईनं एकदा पट्ट्यावर प्लॅस्टिक गुंडाळून पाहिलं होतं, पण ते चालताना वाजायचं. काढून टाकलं.

नऊ जुलै, मंगळवार. दोनशे अडतिसावं माप.

त्या सकाळी भुरभुर होती. गाडी भिजतच फिरत होती. तीन फेऱ्या झाल्या आणि गाडी फलाटाला लागली. दांडा उचलायला पोरं पुढे झाली, तर देवजीच्या आसनाखालून धार लागलेली. पातळ, गढूळ, फलाटाच्या फरशीवरून वाहत जाणारी. त्याची पँट मांड्यांपर्यंत ओली, आणि बाकीचे तिन्ही ठोकळे मात्र नुसते ओलसर.

"आयला, म्हातारा मुतला!" कुणीतरी ओरडलं.

मग काय, भेळवाला आला, तिकिटवाली आली, झाडूवाले आले. तीस-चाळीस माणसं. मौजनगरीत फुकटची मौज कुणाला रोज मिळते? जयप्रकाश गर्दीतून पुढे आले.

"देवजी, काय आहे हे? खरं सांग."

देवजीनं मला हे संध्याकाळी सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात बसून, कोरड्या लुंगीत. तो म्हणाला, त्याला त्या वेळी फक्त बापाचा आवाज ऐकू येत होता. लाभ, दोन, तीन. शर्टाचं एक बटण काढलं असतं की पट्टा दिसला असता आणि हसणं संपलं असतं. पण गर्दीत शिरवण्याची चार माणसं उभी होती. मापाड्याच्या पोरानं काट्यावर खोटं घातलं, ही गोष्ट त्याच्या आधी घरी पोचली असती.

"मी म्हनालो, व्हय सायेब. भ्यालो. सुटली."

"आणि मग?"

"मग हसले."

त्यानं कांद्याच्या भजीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला.

"हसूं दे," तो म्हणाला. "दोन मापं राहिली. मुतऱ्या म्हनतील. म्हनूं दे. चोर नाय म्हननार."

आणि मला सांगायला लाज वाटते, पण मलाही हसू आलं होतं. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी खोकल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला देवजी हजर झाला. पट्ट्यात नवं मीठ, आणि वर या वेळी मेणकापड. फाटकावर त्याला कागद मिळाला. तो घेऊन माझ्या कचेरीत चालत आला, नेरुळहून बेलापूरपर्यंत, पोटाला आठ किलो बांधून. मी वाचला. 'चालत्या गाडीत शरीरावरील ताबा सुटत असल्याने सदर कामासाठी प्रकृतीच्या कारणास्तव अपात्र. सेवा आजपासून समाप्त.'

"आजचा दिवस धरला का त्यांनी?" त्यानं विचारलं.

"नाही."

"म्हंजी दोनशे अडतीस."

"हो."

त्यानं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि गेला. मी अर्ज लिहून देतो म्हणालो, तर अर्जात काय लिहिणार, असं त्यानं विचारलं. भ्याला नव्हता असं लिहावं तर मग ते पाणी कसलं?

गणपती झाल्यावर जयप्रकाश परवान्याच्या नूतनीकरणाला आले. माझ्या समोरच बसले. चहा मागवला. मी म्हणालो, "चौथ्या कोपऱ्यात कोण?"

"ठोकळाच. कानांचं तेवढं काही अडत नाही, तेल-ग्रीस जास्त घालतो." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "म्हाताऱ्याचं वाईट वाटलं मला. चांगला माणूस. बरं, मीठ बांधायचा ना तो."

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज दांडा मीच खाली करायचो हो पहिल्या फेरीला. पोटाला लागला की करकर वाजायचं. जूनपासून माहीत होतं. मला काय? गाडीला वजन पाहिजे. ते माणसाचं की मिठाचं, गाडी विचारत नाही. त्याच्या कायमच्या नोकरीचा कागदसुद्धा टाइप करून ठेवला होता, फक्त शेठची सही बाकी. त्या दिवशी मी म्हटलं ना त्याला, खरं सांग म्हणून? मला वाटलं मीठच विरघळलं. पण तोच म्हणाला, भ्यालो. चाळीस माणसांसमोर म्हणाला. आता असा माणूस पुन्हा बसवला आणि काही झालं, तर विमावाले मला सोडतील?"

त्यांनी चहा संपवला. मी त्यांच्या कागदावर शिक्का मारला. तो किंचित वाकडा पडला, पण चालतो.

संध्याकाळी मी देवजीला शोधत गेलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. सेक्टरच्या टोकाला नवीन इमारत उठत होती, तिथं तो ठेकेदाराकडे रखवालदार म्हणून लागला होता, असं सुंदराबाईकडून कळलं होतं. सिमेंटच्या गोण्यांवर बसला होता. तीन महिन्यांत पोट परत आलं होतं. मी नजरेनंच अंदाज केला, अठ्ठ्याण्णव तरी सहज.

रस्त्यावरून गावातली दोन माणसं गेली. एकानं हाक मारली, "काय रं मुतऱ्या, जेवलास का?"

"जेवलो, जेवलो," देवजी म्हणाला. पोट हसलं. तोंड थोडं मागाहून.

मी शेजारी बसलो. "देवजीभाऊ," मी म्हणालो, "जयप्रकाश आले होते."

"काय म्हनतो सायेब? मागला डावा चाक बगतो का?"

"बघतात." मी म्हणालो. "तुझं विचारत होते. त्या दिवसाचं."

तो लगेच सावध झाला. माझ्याकडे वाकला. "मिठाचा काय कलला नाय ना त्याला?"

दिवस मावळत होता. त्याच्या मागे वीटभट्टीच्या रंगाची ती अर्धी इमारत, आणि समोर हा माणूस, एवढ्या एकाच उत्तराकडे डोळे लावून.

"नाही," मी म्हणालो.

देवजीनं मोठा श्वास सोडला. "मग झाला तर," तो म्हणाला. "नोकरी काय, हिकडं बी हाय. पन मापात खोटा कोनी म्हनला नाय."

मी उठलो. जाता जाता सवयीनं तोंडून निघून गेलं, "इथं किती झाले?"

"झाले व्हते साठ," तो म्हणाला. "पन ह्यो ठेकेदार साठाला ब्रेक देतो. सोमवारी घरी बसवला, आज परत घेतला." त्यानं गोणीवरची धूळ हातानं झटकली.

"लाभ," तो म्हणाला.